प्रतिनिधी कोणी निवडावा? : भंडारा–गोंदिया परिसरातील अस्पृश्यांच्या लढ्याचा एक अध्याय

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव केला. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत ह्या घटनेला बहुधा एखाददुसरा परिच्छेद मिळतो. मुंबईचा १९५२ मधील पराभव आणि नागपूरचे १९५६ मधील धर्मांतर ह्यांच्यामध्ये ती दबून जाते. वस्तुतः मध्यप्रांतातील अस्पृश्यांच्या चळवळीने १९२० मध्ये जो प्रश्न उघडपणे विचारला होता, त्याचे अत्यंत कठोर उत्तर भंडाऱ्यात मिळाले. प्रश्न साधा होता : अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोणी निवडावा?

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आणि भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हता, मध्यप्रदेशात होता. हा प्रशासकीय तपशील पुढील विवेचनास आवश्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या चळवळीचे जे चित्र अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर असते, त्यातील महारवतन, बोले ठराव आणि चवदार तळे ह्या तिन्ही गोष्टी मुंबई इलाख्याच्या आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनीची, पाण्याची आणि कायद्याची व्यवस्था निराळी होती.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना गाडीत, शाळेत आणि उपाहारगृहात वेगळे बसविण्याच्या प्रथेसाठी मराठीत ‘वर्णभेद’ हा शब्द रूढ झाला. परंतु ‘वर्ण’ हा शब्द आपल्याकडे चातुर्वर्ण्याने अगोदरच व्यापलेला आहे. एकाच शब्दात कातडीचा रंग आणि समाजातील पायरी असे दोन अर्थ येऊन बसले, आणि त्यातून जात हीच वंशभेदाची एक जात आहे असा समज सुलभपणे पसरला. डॉ. आंबेडकरांनी हा समज नाकारला होता. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेची वांशिक उपपत्ती स्पष्टपणे फेटाळली. तथापि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना दिसत होते. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने अर्ज गेल्याचे कळताच त्यांनी जुलै १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या, व ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. उपपत्ती वेगळी, पण बाहेर ठेवण्याची यंत्रणा मात्र तुलना करण्याजोगी, अशी ही भूमिका होती. येथेही तीच स्वीकारली आहे.

भंडारा–गोंदिया हा तलावांचा प्रदेश होय. कोहळी समाजातील लोकांनी बांधलेले तलाव, त्यांखालची भातशेती आणि गावचा मालगुजार ह्यांच्याभोवती येथील ग्रामजीवन उभे राहिले. येथील महार समाज बहुतांशी जाडेभरडे कापड विणणारा, शेतमजुरी करणारा आणि कोतवालकी सांभाळणारा होता. पुढे गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकेना, तेव्हा पुष्कळांनी नागपूरच्या गिरण्यांची आणि विड्यांच्या कारखान्यांची वाट धरली. गावाच्या रचनेत त्यांची वस्ती वेगळी असे आणि पाणवठाही वेगळा. (ह्या भागातील अनेक ग्रामनामांच्या शेवटी ‘टोला’ हे पद येते, म्हणून ती अस्पृश्यांच्या वस्त्यांवरून पडलेली नावे असावीत, असा तर्क करणे मात्र धोक्याचे आहे. टोला म्हणजे मूळ गावापासून फुटलेली लहान वस्ती. ती कोणत्याही जातीची असू शकते.)

पाण्याच्या हक्काची भाषा येथे ‘सार्वजनिक’ ही नव्हती, तर ‘निस्तार’ ही होती. गावच्या रहिवाशांनी तलावाचे पाणी, रानातील जळण आणि चराईची जागा कोणत्या रीतीने वापरावी, ह्या वहिवाटीला निस्तार म्हणत, आणि ती वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ ह्या गावच्या दप्तरात नमूद होई. मालकी मालगुजाराची आणि वापर गावाचा, अशी ही दुहेरी रचना होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात संमत झालेल्या बोले ठरावाने सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा व धर्मशाळांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा असे म्हटले. महाडचे तळे नगरपालिकेचे होते, म्हणून तेथे तो ठराव लागू करता आला. आणि ज्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ च्या मार्चमध्ये दिला, तोही ह्या तळ्यावर स्पृश्यांचा अनन्य हक्क सांगणारी प्राचीन वहिवाट सिद्ध होत नाही, ह्याच मुद्द्यावर. मालगुजाराच्या तलावाला हा युक्तिवाद चिकटत नाही. तेथे तलाव सार्वजनिक नाही म्हणून ठराव उपयोगी नाही, आणि हक्क वहिवाटीतून येतो म्हणावे तर वहिवाटच अस्पृश्याला दूर ठेवणारी. ‘गावकऱ्यांचा निस्तार’ ह्या शब्दप्रयोगातील गावकऱ्यांत महार येतो की नाही, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसे आणि सर्वांना ठाऊक असे.

म्हणूनच १९५० ची राज्यघटना, १९५१ मध्ये अमलात आलेले मालगुजारी-निर्मूलन आणि १ जून १९५५ पासून लागू झालेला अस्पृश्यता (अपराध) कायदा ह्या तीन गोष्टी येथे एकत्र वाचाव्या लागतात. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदातील विहिरी व तलाव हे राज्याच्या पैशाने राखलेले अथवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेले, असे मर्यादित आहेत. मालगुजारी गेल्यावर तलाव शासनाकडे आले आणि ही मर्यादा काही अंशी आपोआप ओलांडली गेली. १९५५ च्या कायद्याने तर मालकीचा प्रश्नच बाजूस सारला. इतर लोकांना ज्या पाणवठ्याचा वापर करता येतो, तेथे अस्पृश्याला अडविणे हा गुन्हा ठरला. ह्याच प्रांताने १९४७ मध्ये अनुसूचित जातींच्या नागरी अपात्रता दूर करणारा व मंदिरप्रवेशाचा असे दोन कायदे केले होते. १९५५ च्या कायद्याने त्यांची जागा घेतली. कायद्याच्या पुस्तकात तरी अस्पृश्य हा ‘इतर लोकां’च्या बरोबरीने पाणवठ्यावर आला. समाईक वस्तूत वाटा मिळणे आणि समाईक निर्णयात वजन पडणे ह्या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीचा इतिहास पहिलीहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो नागपुरात सुरू होतो.

३० मे ते १ जून १९२० ह्या तीन दिवसांत नागपूर येथे छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा येऊ घातल्या होत्या आणि नव्या कायदेमंडळांत अस्पृश्यांच्या जागा कोणी भरावयाच्या, हा वाद पेटला होता. डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सूचना अशी होती की, हे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अस्पृश्यांच्या वस्तीत राहून काम करणारा तसा सुधारक त्या काळात विरळा. पण सूचनेचा अर्थ स्पष्ट होता. निवड करणारे हात स्पृश्यांचे राहणार होते. तरुण आंबेडकरांनी परिषदेत ह्या सूचनेचा कडाडून विरोध केला, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत असा ठराव करवून घेतला. त्यापूर्वी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी हाच विचार मांडला होता. नागपुरात त्याला अस्पृश्यांच्या सभेचा पाठिंबा मिळाला.

ठराव झाला, परंतु कायदा निराळाच झाला. १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली मध्यप्रांताच्या कायदेमंडळात अस्पृश्यांसाठी चार जागा मिळाल्या आणि त्या चारही सरकारनियुक्त होत्या. ह्या नियुक्त सभासदांत गोंदियाचे कालीचरण नंदागवळी होते. विदर्भातील महार समाजाच्या पहिल्या पिढीतील पुढाऱ्यांत किसन फागूजी बनसोडे व गणेश अक्काजी गवई यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. नागपूर–अमरावतीपलीकडचा, भातपट्ट्यातील एका व्यापारी गावचा अस्पृश्य गृहस्थ प्रांताच्या कायदेमंडळात बसतो, ही घटना त्या काळी लहान नव्हती. गोंदिया हे बंगाल–नागपूर रेल्वेवरील जंक्शन. तेथील नवी बाजारपेठ जुन्या गावगाड्याहून थोडी सैल होती, आणि महार समाजातील काही कुटुंबांना त्या सैलपणाने डोके वर काढू दिले, असे मानावयास जागा आहे. पण नंदागवळींच्या पिढीची मर्यादा त्यांच्या पदाच्या नावातच होती. ‘नियुक्त’ हे कर्मणी धातुसाधित आहे. कर्ता त्यात दिसत नाही, आणि जो असतो तो गव्हर्नर असतो. अशा सभासदाला सभागृहात बोलता येई, अर्ज-विनंत्या करता येत, पण ‘आम्हांला आमच्या लोकांनी पाठविले आहे’ असे म्हणता येत नसे. ते म्हणण्याचा हक्क मिळविणे हे पुढील पिढीचे कार्य ठरले.

त्या कार्यावरच विदर्भातील चळवळ दुभंगली. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद झाली. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर त्यांनी विभक्त मतदारसंघांचा आग्रह धरला, तेव्हा एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३२ च्या प्रारंभी संयुक्त मतदारसंघाचा करार केला, आणि गवई राजांच्या बाजूस राहिले. हा दुभंग केवळ व्यक्तिगत स्पर्धेचा म्हणून सोडून देणे योग्य नाही. विभक्त मतदारसंघ म्हणजे राजकारणातही वेगळा पाणवठा, तो स्वतःहून का मागावा, असा प्रामाणिक प्रश्न गवईंच्या बाजूला होता. समाईक पाणवठ्यावर उभे राहिल्याने घागर भरतेच असे नाही, हे आंबेडकरांच्या बाजूचे उत्तर.

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे दिले. जातीय निवाड्यातील ७१ जागांऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा मिळाल्या, त्यांपैकी २० मध्यप्रांतात. पण विभक्त मतदारसंघ गेला. त्याऐवजी दोन टप्प्यांची योजना आली. प्रथम केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे मंडळ निवडावे, आणि नंतर त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकास निवडावे. उमेदवार चारांपेक्षा अधिक असतील तरच पहिला टप्पा घेतला जाई, आणि तोही दहा वर्षांपुरताच होता.

ह्या योजनेचे स्वरूप एका परदेशी उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक केवळ गोऱ्यांसाठी राखलेली होती. दक्षिणेत त्या पक्षाचा उमेदवार निवडून येणे ठरलेलेच, म्हणून खरी निवड प्राथमिक फेरीत होई. नंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत कृष्णवर्णीयाला मत देता आले तरी त्याला किंमत नसे. १९४४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अवैध ठरविली. पुणे कराराची रचना ह्याच्या नेमकी उलट आहे. येथे प्राथमिक फेरी वंचितांच्या हाती दिली आणि अंतिम फेरी सर्वांच्या हाती. बहुसंख्यांना उमेदवार ठरविण्याची गरजच उरली नाही. प्राथमिक फेरीत चौथा आलेला गृहस्थ त्यांना पसंत असला की पुरे. दोन्हीकडे मतदानाचा हक्क अबाधित राहिला आणि निर्णायक टप्पा मात्र बहुसंख्यांच्या ताब्यात गेला. १९४५–४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेऱ्यांत पुढे राहूनही अंतिम फेरीत पडले, आणि हा अनुभव डॉ. आंबेडकरांनी कॅबिनेट मिशनपुढे मांडला. त्याच वर्षी पुण्यात व नागपुरात फेडरेशनने सत्याग्रह केले.

स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा राहिल्या, पण विभक्त मतदारसंघ नाही आणि प्राथमिक फेरीही नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत अनेक ठिकाणी द्विसदस्य मतदारसंघ होते : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावयाची. मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकावयाची. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. ह्यातूनच ‘मत कुजविणे’ हा शब्दप्रयोग निघाला. आपल्या उमेदवाराला एक मत देऊन दुसरे मुद्दाम वाया घालविले, की त्याच्या स्पर्धकाला ते मिळण्याचा धोका टळतो. मराठी निवडणुकीच्या भाषेला हे क्रियापद शेतकऱ्याच्या कणगीतून मिळाले असावे. साठविलेले धान्य खाण्यास मिळत नाही आणि पेरण्यासही उरत नाही, तसा हा प्रकार.

मुंबईत १९५२ च्या जानेवारीत नेमके हे घडले. डॉ. आंबेडकर नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले आणि बाद मतपत्रिकांची संख्या सत्तर हजारांहून अधिक होती. मते कुजविण्याचा प्रचार झाला, असा आरोप करून डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक-अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. त्यानंतर डॉ. आंबेडकर राज्यसभेवर गेले. लोकसभेची जागा जिंकण्याची पुढील संधी भंडाऱ्याने दिली.

भंडाऱ्यात फेडरेशनचा पाया भक्कम होता. विणकर, विडी-कामगार आणि शेतमजूर महारांचा येथील समाज नागपूरच्या चळवळीशी दोन पिढ्यांपासून बांधलेला होता. प्रजासमाजवादी पक्षाशी सहकार्य ठरले. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर. काँग्रेसचे भाऊराव बोरकर हेही अस्पृश्य समाजातीलच होते, आणि त्यांच्या उमेदवारीत कायद्याला वा घटनेला न जुळणारे काहीही नव्हते. प्रकृती खालावलेली असताना डॉ. आंबेडकरांनी जिल्ह्यात दौरा केला, आणि भाषणांत त्यांनी केवळ अस्पृश्यांचे प्रश्न घेतले नाहीत. नेहरू सरकारच्या परराष्ट्रनीतीवरही टीका केली. राखीव जागेवरील उमेदवार हा सबंध देशाविषयी बोलू शकतो, हे त्यातून सुचविले गेले की नाही हे श्रोत्यांनी ठरवावयाचे होते.

प्रचाराच्या काळात कार्यकर्त्यांपुढे जुना हिशेब उभा राहिला. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरे मत प्रामाणिकपणे मित्रपक्षाच्या उमेदवाराला द्यावयाचे. पण मित्रपक्षाचे सवर्ण मतदार आपले दुसरे मत आंबेडकरांना देतील ह्याची शाश्वती काय? त्यापेक्षा आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, अशी सूचना पुढे आली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. ज्याने मताधिकाराची घटना लिहिली, त्यानेच मत वाया घालविण्यास सांगावे हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा पराभव पत्करेन, असा त्यांच्या उत्तराचा आशय आठवणींतून सांगितला जातो. दोन वर्षांपूर्वी ह्याच कृत्याविरुद्ध त्यांनी न्याय मागितला होता, ही गोष्टही विसरून चालणार नाही. शुद्ध निवडणूक-गणिताने पाहता त्यांच्या कार्यकर्त्यांचा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही.

निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि डॉ. आंबेडकर पडले होते. एकाच आघाडीचे दोन उमेदवार, एकाच मतदारसंघातील तेच मतदार, आणि यश एकालाच. जिल्ह्यातील सवर्ण मतदारांचे दुसरे मत मोठ्या प्रमाणावर डॉ. आंबेडकरांच्या पेटीपर्यंत पोचले नाही, हा निष्कर्ष तेव्हाच काढला गेला आणि तो असमर्थनीय वाटत नाही. काँग्रेसची संघटना, नेहरूंची लोकप्रियता आणि आंबेडकरांची सरकारविरोधी भाषणे ह्यांचाही भाग त्यात असणार. एका कारणाने निवडणूक हरत नाही. परंतु मतांची देवघेव एकाच दिशेने झाली, हे दोन जागांच्या निकालांतील अंतरावरून दिसते, आणि नागपूरच्या १९२० च्या ठरावात नेमकी हीच भीती होती. संयुक्त मतदारसंघात अस्पृश्य मतदार सवर्ण उमेदवाराला निवडून आणण्यास साहाय्य करू शकला. आपला उमेदवार निवडून आणणे मात्र त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते. योगायोग असा की, त्याच महिन्यात, १७ मे १९५४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तेथे ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मोडले. भंडाऱ्यात ‘एकत्र’ ह्या शब्दाची परीक्षा होत होती.

ह्यानंतर अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि भंडारा–गोंदियातील महार समाजाचा फार मोठा भाग त्यांच्यामागोमाग बौद्ध झाला. धर्मांतराचा निर्णय १९३५ मध्येच जाहीर झाला होता. भंडाऱ्याच्या पराभवाने तो घडविला असे म्हणणे अनैतिहासिक होईल. परंतु त्याचा राजकीय परिणाम भंडाऱ्याच्या प्रश्नाशी सरळ भिडतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्म मानणाऱ्यासच, आणि काही जातींत शिखांना, अनुसूचित जातीचा दर्जा होता. बौद्ध झालेला महार राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. ज्या जागांसाठी दोन पिढ्या झगडल्या, त्या ह्या लोकांनी धर्मासाठी सोडून दिल्या. १९६४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील एका निवडणूक-वादात सर्वोच्च न्यायालयाला ‘धर्म मानणे’ म्हणजे काय हे ठरवावे लागले. धर्मांतर जाहीरपणे केले असेल तर मनुष्य तो धर्म मानतो, मग त्याच्या घरात कोणत्या मूर्ती आहेत ह्याची चौकशी नको, असा त्या निर्णयाचा रोख होता; पंजाबराव विरुद्ध मेश्राम ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. राखीव मतदारसंघात त्यानंतर सर्व उमेदवार अनुसूचित जातींचे आणि मतदार सर्व जातींचे, अशी रचना झाली. बहुसंख्यांचे निर्णायक स्थान तिने कमी केले नाही. १९९० मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. तोपर्यंत भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला छत्तीस वर्षे झाली होती, आणि वेगवेगळ्या पेट्या, दोन मतपत्रिका व ‘कुजविणे’ हे क्रियापद तिन्ही निवडणुकीच्या व्यवहारातून गेली होती.